ओठांवरचं दूध

माझी मुलगी रडायची नाही. तेव्हा ही गोष्ट मी अभिमानाने सांगत असे. पहिलं वर्षभर तिने इतर बाळांसारखंच घर डोक्यावर घेतलं होतं. मग हळूहळू गप्प होत गेली. दीड वर्षाची झाली तेव्हा जिथे बसवावं तिथे ती बसून राहायची. मी सगळ्या पोळ्या लाटून बाहेर यायचे तरी ती त्याच जागी, तसाच एक पाय दुमडून, दाराकडे बघत असायची. येणारे-जाणारे म्हणायचे, काय शहाणं बाळ आहे हो! मी म्हणायचे, हो ना, माझ्यावर गेली नाही ते बरं.

आम्ही बडोद्यात मांजलपूरला एका नव्या सोसायटीत पहिल्या मजल्यावर राहायला आलो होतो. बांधकाम संपून फार दिवस झाले नव्हते. खोल्यांमध्ये ओल्या चुन्याचा वास यायचा आणि भिंतीला पाठ टेकली की पोलक्यावर पांढरं उमटायचं. नवरा बाजव्याकडे रिफायनरीत शिफ्ट ड्यूटीवर होता, मी एका शाळेत विज्ञान शिकवत होते. हे दुसरं लिहिताना माझा हात अजून अडखळतो. कुठल्या जीवनसत्त्वाच्या किंवा खनिजाच्या अभावाने कुठला रोग होतो, हा तक्ता मी दरवर्षी फळ्यावर काढायचे. रातांधळेपणा, मुडदूस, बेरीबेरी, पांडुरोग. मुलं पाठ करायची, मीही केलेलाच होता.

बाळंतपणाची रजा तीन महिन्यांत संपली आणि अंगावरचं दूध त्यानंतर महिन्याभरात. मग बाटली. म्हशीचं घट्ट दूध पिशवीतून यायचं, सकाळी सहाला दारात. सहाव्या महिन्यात मी तिला मऊ भात, वरणाचं पाणी भरवून बघितलं. ती तोंड वाकडं करून सगळं माझ्या साडीवर परत करायची. मला साताला घर सोडायचं असायचं. वाटीभर भाताला पाऊण तास लागायचा, बाटली पाच मिनिटांत रिकामी व्हायची. मी रागीट बाई आहे. चार वेळा भरवून बघितलं, पाचव्या वेळी वाटी आपटली आणि बाटली हातात दिली. त्यानंतर ती दिवसाला लिटरभर दूध प्यायला लागली आणि मला सुटल्यासारखं वाटलं. दूध म्हणजे सगळं आलं, असं आमच्या घरात कुणाला सांगावंच लागत नसे.

आणि तिने बाळसं काय धरलं होतं! मनगटाला वळ्या, हनुवटीखाली वळी. त्यात रंग. मी सावळी, नवरा माझ्यापेक्षा एक हात पुढे, आणि ही मात्र महिन्यागणिक उजळत चाललेली. खिडकीशी धरली की कानाच्या पाळीतून उजेड आरपार यायचा. नाशिकहून सासूबाई फोनवर विचारायच्या, अजून गोरी झाली का गं? मी म्हणायचे, झाली. केबल नुकतीच आली होती आणि जाहिरातींमधली गुबगुबीत बाळं दिवसभर पडद्यावर हसत असायची. आमचं बाळ त्यांच्यात खपून गेलं असतं. फक्त ते हसायचं नाही.

त्या भाद्रपदात गणपतीत आमच्या मराठी मंडळाने सुदृढ बालक स्पर्धा ठेवली होती. मांडवात एका बाजूला वजनकाटा, दुसऱ्या बाजूला चादर घातलेलं टेबल. एक डॉक्टर परीक्षक म्हणून येणार होते, पण ते अडकले. आरतीची वेळ होत आली तेव्हा कमिटीतल्या दोन बायकांनीच बाळांना काट्यावर ठेवलं, गाल ओढले आणि निकाल लावला. टेबलावर बाकीची पोरं किंचाळत होती, लोळत होती, एकमेकांच्या टोप्या ओढत होती. आमची मधोमध बसली होती, हात मांडीवर ठेवून. पहिला नंबर तिचा. बक्षीस म्हणून स्टीलचा डबा आणि प्लॅस्टिकचा कप मिळाला. फोटो काढणाऱ्याचा फ्लॅश उडाला तेव्हा सगळ्या पोरांनी डोळे मिटले. हिने मिटले नाहीत. त्या फोटोत इतर बाळांचे चेहरे दिसतात आणि हिच्या जागी एक पांढरा गोल आहे, त्यात दोन डोळे. मी तो मोठा करून घेतला आणि दिवाणखान्यात लावला.

माझी सकाळची शाळा असताना मुलीला शेजारच्या मासी सांभाळायच्या. पन्नाशीच्या गुजराती बाई, मुलं लग्न होऊन आणंदला. सगळी सोसायटी त्यांना मासी म्हणायची. बक्षिसाचा कप दाखवायला मी त्यांच्याकडे गेले. त्यांनी कपाकडे नीट बघितलंसुद्धा नाही. मुलीचा तळहात उलटा करून अंगठ्याने दाबला आणि म्हणाल्या, "इनाम तो ठीक, बेन, पण छोकरी फिक्की लागे छे. डॉक्टरने बताव."

डॉक्टरला दाखव म्हणे! मला मिरची झोंबली. सगळ्या गावाला दिसतं ते गोरं आणि ह्यांनाच दिसतं ते फिकट? तेवढ्यात मुलीच्या फ्रॉकवर मला काळपट कण दिसले. बाजरीच्या रोटल्याचा चुरा, गुळात कालवलेला. मासी म्हणाल्या, हो, देते की मी रोज, एने भावे छे. तिला आवडतं. आधी बोटावर चाटवला, आता वाटीभर खाते.

तेव्हा कुठे मला उलगडलं की दुपारची बाटली हल्ली अर्धी का राहते. माझ्या बाळाचं दूध तोडून ही बाई तिला रोटला चारते! मी नको नको ते बोलले. शिळंपाकं चारता, म्हणाले. आणि जाता जाता, दारात उभं राहून, हेही म्हणाले की तुमची नजर चांगली नाही. विज्ञानाच्या शिक्षिकेने म्हटलं हे. घरी येऊन मी मुलीच्या तळपायाला काजळाचा ठिपका लावला आणि दार लावून घेतलं. त्यानंतर मासींकडे तिला पाठवणं बंद. नवऱ्याने रात्रपाळ्या मागून घेतल्या. सकाळी कंपनीच्या बसने तो घरी यायचा, मी शाळेत जायचे, आणि मुलगी त्याच्याशेजारी आतल्या खोलीत गादीवर असायची. ती त्रास देतच नव्हती, त्यामुळे त्याला निवांत झोपता यायचं.

दिवाळीनंतर आतल्या खोलीच्या भिंतीत पहिला खड्डा दिसला.

गादीच्या कडेला, जमिनीपासून वीतभर उंच. चमच्याने दही काढावं तसा गुळगुळीत. मला वाटलं, ओल लागून चुना सुटला असेल. नवऱ्याने पांढरं सिमेंट भरलं. आठ दिवसांनी ते सिमेंट नव्हतं आणि शेजारी दुसरा खड्डा होता. मी खाली वाकून बघितलं. भिंत झडली तर खाली भुकटी पडायला हवी. फरशी स्वच्छ होती. मी बोट फिरवून बघितलं, बोटाला काहीच लागलं नाही.

वाळवीचं औषध मारणारा माणूस बोलावला. त्याने भिंत ठोकून बघितली, विजेरीने फटी बघितल्या. उधई असेल तर मातीच्या रेषा दिसतात, म्हणाला, उंदीर असेल तर लेंड्या दिसतात. "आ तो बीजुं कंईक छे." हे दुसरंच काहीतरी आहे, म्हणाला आणि औषध न मारताच पंप उचलून गेला. खाली चौकीदाराला कळलं तेव्हा त्याने मान डोलावली. ह्या जागेवर शेत होतं, शेतात विहीर होती, बिल्डरने ती पूजा न करता बुजवली. मी त्याला झापलं. पण वर येताना मी जिना नेहमीपेक्षा भरभर चढले हे खरं आहे.

नवऱ्यालाही काहीतरी ऐकू यायला लागलं होतं. दिवसा झोपेत त्याला वाटायचं, कुठेतरी जातं फिरतंय. डोळे उघडले की थांबायचं. उठून बघावं तर मुलगी शेजारी गादीवर, डोळे उघडे, भिंतीकडे तोंड. माझ्या पर्समधले खडू नाहीसे व्हायला लागले. शाळेतून मी रोज दोन-चार तुकडे घेऊन यायचे, सकाळी एकही नसायचा. मी शाळेतल्या मुलांवर आळ घेतला.

मुलगी आता चालत नव्हती. चालायला शिकली होती, पण विसरल्यासारखी बसून राहायची. बाटली पिताना कपाळावर घाम यायचा. मानेपाशी एक शीर टकटक उडायची, लांबूनसुद्धा दिसायची. हसायची ती एकाच वेळी: आतल्या खोलीत नेलं आणि ती भिंत दिसली की. तेव्हा मी तिला त्या खोलीत न्यायला घाबरायचे. माझी पोटची पोर, आणि मी तिला कडेवर घेऊन उंबऱ्यावर थांबायचे, कारण तिला त्या भिंतीत काहीतरी दिसतंय असं मला वाटायचं. तिच्या ओठांवर सदा दूध वाळलेलं असायचं. मी येता-जाता पदराने पुसायचे.

उत्तरायण आलं, म्हणजे आपली संक्रांत. त्या दिवशी बडोद्यात कुणी घरात नसतं, सगळं शहर पतंग उडवायला गच्चीवर. आम्हीही मुलीला दुपारची बाटली देऊन, झोपवून, दार ओढून वर गेलो. गच्चीवर स्पीकर, चिक्की, उंधियुं, आणि दर मिनिटाला "काप्यो छे!" अशी आरोळी. तासाभराने मी तिला बघायला खाली उतरले.

जिन्यात वरचा गोंगाट मागे पडत गेला. घरात आले तर बाहेर लख्ख ऊन आणि आत काहीच आवाज नाही. मग तो आला. खरर. थांबला. खरर. आतल्या खोलीतून. खरंच, जातं फिरावं तसा, पण फार लहान जातं. विहीर, पूजा, चौकीदार, सगळं एकदम आठवलं. मी देवाचं नाव घेतलं आणि दार ढकललं.

ती गुडघ्यांवर उभी होती, भिंतीला धरून. किती दिवसांनी तिला उभी पाहत होते! तोंड खड्ड्याला लावलेलं. खालचे दात भिंतीवर घासत होती, मग जिभेने टिपून घेत होती, अगदी शेवटच्या कणापर्यंत, म्हणून फरशी स्वच्छ होती. माझी चाहूल लागली तशी तिने मागे वळून बघितलं आणि गादीवर बसली, एक पाय दुमडून, हात मांडीवर. तिच्या ओठांवर पांढरं होतं. मी सवयीने पदर पुढे केला आणि पुसलं. मग तो पदर बोटांत चोळून बघितला.

दुधाचे कण बोटांना टोचत नाहीत.

सणाच्या दिवशी एक मुलांचे डॉक्टर सापडले. त्यांनी तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढली. आत लाल असतं ना आपल्याला? तिथे काहीच नव्हतं, कागद होता. नखं बघितली, ती मधोमध खोलगट झाली होती. मग त्यांनी विचारलं, "दूध केटलुं पीए छे?"

"लिटरभर," मी म्हणाले. आणि देवाशपथ सांगते, त्याही क्षणी माझ्या आवाजात थोडी ऐट होती.

"अने बीजुं?"

आणि दुसरं काय खाते? दुसरं काही नव्हतं.

डॉक्टर ओरडले नाहीत. दुधात लोह जवळजवळ नसतंच, म्हणाले. पोट दुधानेच भरलं की बाकीचं आत जात नाही, आणि इतक्या लहान आतड्याला एवढं दूध सोसत नाही, आतल्या आत थेंब थेंब रक्त जात राहतं. रक्त पाण्यासारखं झालं की जीव माती शोधतो, चुना शोधतो, जे मिळेल ते. ह्या मुलीचं हृदय आता फार धावून दमलंय, ह्याच क्षणी दाखल करा. मला माझा तक्ता आठवला. शेवटची ओळ: लोह, पांडुरोग. पांडुरोगी मुलाचं चित्र काढताना मी नेहमी काड्यांसारखे हातपाय काढायचे. वळ्या पडलेलं बाळ कधी काढलं नव्हतं.

तिला रक्त चढवलं. दोन दिवस मी तिच्या तळहाताकडे बघत बसले. तिसऱ्या दिवशी सकाळी नर्स सुई बदलायला आली आणि माझी मुलगी रडली. अशी रडली की शेजारच्या खाटेवरचं मूल दचकून उठलं. मी आणि नवरा एकमेकांना धरून तिच्याबरोबर रडलो. एवढा सुंदर आवाज मी आजवर ऐकलेला नाही.

घरी आल्यावर पहिल्यांदा मासींचं दार वाजवलं. काय बोलायचं ते पाठ करून गेले होते, पण दार उघडताच मुलीला पुढे केलं. मासींनी तिचा तळहात उलटा करून अंगठ्याने दाबला, सोडला, रंग परत येताना बघितला. मी पाया पडायला वाकले तर त्यांनी मला मध्येच धरलं.

"तें बारणुं बंद कर्युं एटले हुं बेसी रही," त्या म्हणाल्या. "मारे फरी आववुं जोइतुं हतुं."

तू दार बंद केलंस म्हणून मी गप्प बसले, मी परत यायला हवं होतं. माफी मी मागायची, तर ती त्यांनीच मागितली. मला तिथे जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. रोज वाटीभर रोटला आणि गूळ, तेवढ्यावर माझी मुलगी तग धरून होती, आणि मी तो ताटातून काढून घेतला होता. खड्डे त्यानंतर पडायला लागले. डॉक्टरांनी मुलीचं रहस्य उलगडलं, माझं मासींनी.

पुढचे आठ महिने भरवण्यात गेले. मसुराची आमटी, बाजरी, नाचणी, मेथी, वर लिंबू. लोहाचे थेंब, त्यांनी काळे पडलेले दात. दूध दोन कप, बस्स. मुलगी बारीक झाली, सावळी झाली, आमच्यासारखी झाली. सासूबाई आल्या तेव्हा हळहळल्या, पोरीचा रंग उतरला गं. मी म्हणाले, चढला. दिवाणखान्यातला फोटो मी काढून कपाटात उलटा ठेवला.

भाद्रपदात मंडळाच्या बायका घरी आल्या. गेल्या वर्षीच्या विजेत्या बाळाच्या आईच्या हस्ते यंदाचं बक्षीस द्यायचं ठरलं होतं. मी गेले. माझी लेक माझी साडी ओढत, किंचाळत, पेढ्यासाठी लोळण घेत बरोबर होती. तिला आता कुणी शहाणं म्हणत नव्हतं. टेबलावर चादर होती. बाकीची पोरं रडत होती आणि मधोमध एक मुलगा बसला होता, हात मांडीवर ठेवून. फ्लॅश उडाला तेव्हा त्याने डोळे मिटले नाहीत.

बक्षीस देण्याच्या निमित्ताने मी त्याचा तळहात दाबला. पांढरा. सोडला, तरी पांढराच. त्याची आई खानदेशातून आलेली, विशी-बाविशीची, नवरा वाघोडियाला कारखान्यात. आनंदाने तिचा चेहरा फुलला होता. मी तिला बाजूला घेऊन म्हणाले, अगं, ह्याला डॉक्टरकडे ने, हा फिकट दिसतोय.

तिचा चेहरा आक्रसला. "तुमच्या मुलीला बक्षीस मिळालं तेव्हा चाललं, ताई?" तिने बाळाचं टोपडं पुढे ओढलं आणि त्याला माझ्या नजरेआड केलं. तो कप मी माझ्या हाताने त्याच्यासमोर ठेवला होता.

मंडळाच्या वहीतून पत्ता घेऊन दुसऱ्या दिवशी मी मोपेडवरून तिच्या घरी गेले. दाराची साखळी तिने काढलीच नाही. तीन दिवसांनी परत गेले. फटीतून म्हणाली, हे घरी नाहीत, नंतर या. परतीच्या वाटेवर मी स्वतःला म्हटलं, झालं की, दोनदा सांगितलं, आता तिचं ती बघेल. मांजलपूरला पोचेपर्यंत मासींचं वाक्य माझ्या कानात होतं.

तिसऱ्या वेळी मी दार वाजवत राहिले. शेजारच्या बायका बाहेर आल्या, तेव्हा लाजेखातर तिने दार उघडलं. एकच खोली होती, नवा चुना दिलेली. बाळ कोपऱ्यात चटईवर बसलं होतं, एक पाय दुमडून. मी आधी त्याच्याकडे बघितलंच नाही. भिंतीकडे बघितलं, जमिनीपासून वीतभर उंचीवर. मग त्याच्या ओठांकडे.

"आत्ताच दूध प्यायलाय," ती रागाने म्हणाली आणि पुसायला पदर पुढे केला.

मी तिचं मनगट धरलं. पदर बाजूला सारला, तिचं बोट त्याच्या ओठांवरून फिरवलं आणि तिला म्हटलं, आता चोळून बघ.